दोन ओढे आणि एक खिंड

शाळेच्या पायरीवर आज एका साहेबांचे बूट वाळत होते. चिखलानं माखलेले, जिभा बाहेर काढून पडलेले. इतकी वर्षं मी इथे मराठी शिकवतेय, पण एवढं देखणं दृश्य या पायरीवर कधी पाहिलं नव्हतं.

पट कमी, म्हणून आमचं हायस्कूल बंद करून मुलांना खिंडीपलीकडच्या शाळेत धाडायचं घाटत होतं. कागदावर ती शाळा तीन किलोमीटरवर. सही करण्यापूर्वी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. नववीतली सुनंदा म्हणाली, "सायेब, चला की, आमी दावतो वाट." आठ मुली पुढे, साहेब मागे.

आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. दोन ओढे आणि एक खिंड, असं सांगतात. नकाशावरच्या सरळ रेघेला कुठे दप्तर डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं? अंतर खरं कळतं ते पायांना.

दुपारी साहेब बूट हातात घेऊन अनवाणी परतले. दुसऱ्या ओढ्यात सुनंदानं त्यांचा हात धरला होता म्हणे. घोटभर पाणी पिऊन त्यांनी कागदावरच्या 'तीन किलोमीटर'वर काट मारली आणि लिहिलं, 'दोन ओढे, एक खिंड. शाळा इथेच राहील.' खाली झोकदार सही.

तोवर मुली वर्गात गेल्या होत्या. पायरीवर त्यांच्या आठ जोड चपला, आणि त्याच ओळीत ते बूट.

पट कमी म्हणत होते ना? आज एक वाढला!