हरिचंद्रकाकांचा शर्ट

माझ्या सासूबाई, तुळशी, उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं जीन्सचे मागचे खिसे शिवत होत्या. फक्त खिसे. बाकीची शिलाई दुसऱ्या बायका करायच्या. पँट शेवटी कोणाच्या अंगावर जाते, ते आईंना कधी कळलं नाही. बासष्टाव्या वर्षी गुडघे आखडले, तेव्हा कारखान्याचे मालक कमलेशशेठनी शाल-नारळ देऊन निरोप दिला.

"आई, आता आराम करायचा," असं मी बजावलं. घरातलं शिलाई मशीनही माळ्यावर टाकणार होते.

"राहू दे गो, नूतन. तुझं काय खातंय ते?" आई म्हणाल्या.

आराम काही त्यांना मानवला नाही. दोन महिन्यांत घरातले सगळे पडदे त्यांनी उसवून पुन्हा शिवले. आम्ही राहतो कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात हरिचंद्रकाका आणि भिमाबाई. काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. एके दिवशी आई त्यांच्याकडे अळूवड्या द्यायला गेल्या, तर भिमाबाई हातात कात्री घेऊन रडत बसलेल्या. पलंगावर काकांचा निळा शर्ट, बगलेपासून खालपर्यंत कापलेला.

"हात वाकतच नाही त्यांचा. बाहीत घातला की ओरडतात. मग काय करू?"

"अगं, कापलास कशाला? उसवायचा ना!" आईंना शर्टाचंच जास्त वाईट वाटलं.

काका दहा महिने दवाखान्यातल्यासारख्या झग्यात होते. म्हणून गॅलरीतही बसत नसत. पुतण्याच्या, प्रीतमच्या हळदीलाही तशा झग्यात ते जाणार नव्हते. शब्द जुळवत ते आईंना म्हणाले, "मना... शर्ट पायजे."

आई तो शर्ट घेऊन आल्या आणि मशीनवर बसल्या. बगलेखालची कापलेली कड दुमडून तिथे त्यांनी वेल्क्रो लावलं. ते काकांच्या कातडीला घासलं, लाल वळ उठला. मग टिचबटणं लावली. कुशीवर वळलं की ती टोचायची. तिसऱ्यांदा उघडी बाजू पाठीवर घेतली, तर बसल्यावर शर्ट वर सरकायला लागला. त्या रात्री आई जेवल्या नाहीत.

"नाही जमत मला. उगाच त्या माणसाला छळतेय," त्या म्हणाल्या.

सकाळी भिमाबाईंनीच दार वाजवलं. "ते विचारतायत, आज माप घ्यायला येणार ना?"

चौथ्यांदा आईंनी खांद्यापासून मनगटापर्यंत बाही वरून उघडली, तिथे टिचबटणं लावली आणि त्यांच्यावर त्याच कापडाची पट्टी शिवली. हात उचलायलाच नको. आधी हात ठेवायचा, वरून बाही मिटायची. भिमाबाईंनी पाच मिनिटांत शर्ट चढवला. काका ओरडले नाहीत.

हळदीला बारवी धरणाच्या बाजूच्या गावात आम्हीही गेलो होतो. काका पुढच्या खुर्चीत बसले होते. लोक येऊन तब्येत विचारत होते, शर्टाचं कोणीच काही विचारलं नाही. आई माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, कुणाला कळला पण नाही!" इतक्या खूश मी त्यांना कारखान्यात असताना कधी पाहिलं नव्हतं.

काकांना व्यायाम द्यायला येणाऱ्या उमाताईंनी ही गोष्ट आणखी घरांत पोचवली. आता अंबरनाथहून, उल्हासनगरहून माणसं येतात. आई आधी त्या माणसाजवळ बसतात. कुठला हात दुखतो, कपडे कोण घालतं, झोपतात कसे, सगळं विचारतात. आज त्या सहासष्ट वर्षांच्या आहेत. तेव्हा आईंचं ऐकून मी मशीन माळ्यावर टाकलं नाही, याबद्दल देवाचे आभारच मानते.

कोणी त्यांना धन्यवाद द्यायला लागलं की आई समोरचं दार दाखवतात.

"मला नको, त्यांना सांगा. तीनदा त्रास झाला, तरी चौथ्यांदा मला माप घेऊ दिलं त्यांनी."

माणसं खरंच तिकडे जातात. भिमाबाई चहा ठेवतात. काका डाव्या हाताने बाहीवरची पट्टी बाजूला करतात आणि एकेक टिचबटण उघडून दाखवतात.