आडवी अक्का

बोलता बोलता अक्का जमिनीवर आडवी व्हायची. आमच्या भवानी पेठेतल्या घरात शेंगाचटणीचा धंदा, आणि कुटायचं काम उभ्यानं. घटकाभर कुटलं की ती मुसळ भिंतीला टेकवून तिथेच पडायची. पाच मिनिटांत तिचा चेहरा निवळायचा. ती माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी तिचं नाव 'आडवी अक्का' पाडलं. घरभर ते चाललं आणि मला माझ्या विनोदाचं कोण कौतुक!

सासूबाई म्हणायच्या, "बेंबी सरकलीय." मग गल्लीतली चोळणारी आजी यायची, अक्काला उताणं निजवून तेलानं पोट चोळायची. दुखणं थांबायचं. उठून मुसळ हाती घेतलं की उजव्या कुशीत पुन्हा कळ. "चोळलं की बरं, काम दिसलं की दुकतंय. सोंग हाय नुस्तं," सासूबाईंनी निकाल दिला. दोनदा सोनोग्राफी झाली, तीही निजवूनच. रिपोर्ट नॉर्मल. भाऊजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, तिला बजावलं, "आता पडलीस तर माहेरी जायचं." त्या दिवसापासून अक्का पडायची थांबली. ओठ चावून कुटायची. खालचा ओठ कायम फुटलेला असायचा.

माझ्या बाळंतपणात मात्र तिनं मला सव्वा महिना उठू दिलं नाही. "पड गं निवांत. पडाया मिळतंय तवर पडून घे."

शेवटी एकदा ती उखळाशीच कोसळली. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तिला उभं करून पोटाचा एक्स-रे काढला. उभं राहिलं की उजवी किडनी घसरून खाली येत होती आणि आडवं झालं की जागेवर जात होती. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पोटाला तीन छोटी भोकं पाडून किडनी टाक्यांनी जागेवर बसवली. "फार उशीर केलात," बाई म्हणाल्या. "निम्मी कामातून गेलीय."

बरी झाल्यावर अक्कानं माळशिरसला, माहेरी जायचं ठरवलं. स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले. बाकडं रिकामं होतं.

"बसा की, अक्का."

"न्हाय. हुबीच ऱ्हाते. आता दुकत न्हाय."

मला राहवलं नाही. रडत रडत म्हणाले, "अक्का, ते नाव मीच पाडलं होतं."

"ठाव हाय की." तिनं पिशवी उचलली. "नावाचं काय न्हाय गं. दुकतंय का, एवढंच तू कदी इचारलं न्हाईस."

ती गाडीत चढली. परत कधी आली नाही.