खंडेनवमीला धुतलेली मोटार

झेंडूच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला, की कोरेगावच्या आमच्या अंगणातली काकांची जुनी काळी मोटार दिसते. पंचाहत्तर-शहात्तरची खंडेनवमी असेल. फौजेतून निवृत्त झालेल्या काकांनी पूजेसाठी बॉनेट उघडून बादल्यांनी ती आतबाहेर धुतली, हार घातला, आणि तेवढ्यात उसात गेलेल्या काकूला पान लागलं. साप हा शब्द कुणीच तोंडातून काढत नव्हतं. साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायला आई तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन काही सुरू होईना. "बॅटरी हाय, पेट्रोलबी येतंय, मग झालंय काय हिला?" म्हणत काकांनी मला स्टार्टर मारायला लावून प्लगची वायर इंजिनाजवळ धरली. ठिणगी पडेना. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर आत सकाळचं पाणी. काका टॉवेलनं ते पुसत होते आणि मागचं कण्हणं बारीक होत चाललं होतं. झाकण बसवलं, मी स्टार्टर मारला, गाडी लगेच धडधडली. काका हसत मागं वळले. आई म्हणाली, "भावजी, बंद करा गाडी." आजही खंडेनवमीला मी गाडीला हार घालतो, पाणी लावत नाही.