शब्दांच्या डोक्यावरची पेन्सिल

मंडळी, आज दुपारी जर्मनीत, आखन शहरातल्या आमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये घडलेलं सांगते.

शेजारच्या खोलीत लिन राहते, चीनची. शनिवारी तिची इंग्रजीची परीक्षा आहे. वाचनाच्या पेपरात दोनदा मार्क कमी पडलेत. या वेळीही पडले, तर मास्टर्सची अॅडमिशन गेली.

हजारो शब्द तिला पाठ आहेत. पण सरावाचा उतारा पाहिला, तर प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने चिनी अर्थ लिहिलेला. बाई इंग्रजी वाचतच नव्हती, वरची चिनी ओळ वाचत होती.

मी खोडरबर घेऊन सगळं खोडलं. म्हटलं, "आता न थांबता वाच. अडलेला शब्द सोडून दे."

ती वैतागली, पण तिने वाचलं. पाचपैकी चार उत्तरं बरोबर आली.

मी मास्तरणीच्या ऐटीत चहा टाकला. तेवढ्यात तिला टेबलावर माझं इन्शुरन्सचं जर्मन पत्र दिसलं. प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ. अक्षर माझंच. जर्मनीत मला चार वर्षं झाली.

लिनने खोडरबर माझ्याकडे सरकवलं.

अजून तरी मी ते उचललेलं नाही. तुम्ही उचललंत का कधी?