इकिनेशियाचा डबा

“लिव्हरला सूज आहे,” रिपोर्टवरून नजर न काढता डॉक्टर म्हणाले. “एसजीपीटी फार वाढलंय.” यकृताच्या पेशी दुखावल्या की हा पदार्थ रक्तात वाढतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी सुमनचे पिवळट डोळे पाहत होतो. आठवडाभर ते माझ्यासमोर होते आणि मी त्याला थकवा म्हणत होतो.

सुमन माझी पत्नी. चार वर्षांपासून तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटलेली. त्या प्रतिकारशक्तीला आवरायला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. या गोळीचा यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. आजवर सगळे रिपोर्ट बरे होते.

“दुसरं काही औषध चालू आहे?”

“नाही,” मी म्हणालो.

हे खोटं होतं.

आमच्या बीडमध्ये डॉक्टरांच्या केबिनमध्ये पेशंट एकटा नसतो. टेबलाशी एक, मागच्या बाकावर पुढचे तीन, दारात फाईल घेऊन आणखी कुणी. सगळे सगळ्यांचं ऐकतात. त्या दिवशी बाकावर कॉलेजातले माझे जुने सहकारी होते. उभी नोकरी मी त्यांच्यासमोर ताईतवाल्यांची आणि फेटे बांधून सत्कार घेणाऱ्या वैद्यराजांची टिंगल केली होती.

झालं होतं असं. थंडीत सुमनची सर्दी हटेना. चौसाळ्याहून तिचा भाऊ माणिक आला. झाडपाल्याच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीच्या मंगल कार्यालयातल्या मेळाव्याला तो जाऊन आला होता. दीपप्रज्वलन, भर दुपारी टाय बांधलेले वक्ते, सर्वाधिक डबे खपवणाऱ्या जोडप्याला शाल-श्रीफळ. त्यातला एक डबा त्याने माझ्यापुढे ठेवला.

“दाजी, इकिनेशिया हाय. प्रतिकारशक्ती वाढवतंय. जर्मनीत लई खपतंय.”

“मग जर्मनीत सर्दी राहिली नसेल.”

“हसा तुमी. झाडपाल्याला कुठं साईड इफेक्ट असतेत व्हय?”

तो गेल्यावर मी वाचायला बसलो. अमेरिकेच्या गवताळ माळावरचं फूल. जांभळ्या पाकळ्या, मधे काटेरी बोंड. तिथले मूळ रहिवासी ते जखमेला, घशाला वापरत. सर्दीत थोडा उपयोग होतो म्हणणारे अभ्यास होते, होत नाही म्हणणारेही होते. शेवटी एक ओळ होती: ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे, त्यांनी घेऊ नये. ती ओळ मी वाचली. चार दिवस घेतल्याने काय होतंय म्हणून पुढे गेलो. सर्दी गेली, ती जाणारच होती. गोळी मात्र दीड महिना चालली. रोज सकाळी मीच ती सुमनच्या तळहातावर ठेवत होतो.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट थांबवली. मीही घरी येऊन डबा गुपचूप कपाटात सारला; तेवढी अक्कल शाबूत होती. मग सोनोग्राफी झाली, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या. कशातच काही सापडेना. आम्ही बाकावरून टेबलाशी आणि टेबलापासून पुन्हा बाकावर सरकत राहिलो. इकडे सांध्यांची गोळी बंद, म्हणून तिची बोटं सुजली. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरू लागली.

“बायोप्सी करू,” डॉक्टर म्हणाले. सुई घालून यकृताचा बारीक तुकडा काढायचा आणि तपासायचा. सुमनने फक्त पदर सावरला.

“साहेब,” मी म्हणालो, “मी इकिनेशियाच्या गोळ्या देत होतो. दीड महिना. मागे विचारलंत तेव्हा सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“प्रतिकारशक्तीच्या ज्या शिपायाला मी झोपवत होतो, त्याला तुम्ही उठवत होतात. लिव्हर कशाने दुखावलं, माझ्या गोळीने, तुमच्या गोळीने की दोन्हींनी, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण हे माहीत नसताना मी सुई घालायला निघालो होतो.” ते ओरडले नाहीत. “बायोप्सी थांबवू. दोन आठवड्यांनी रक्त बघू.”

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, “सायेब, मी बी गुळवेलीचा काढा घेते. सांगायचा असतो व्हय?”

रिक्षात सुमन म्हणाली, “तुमी वाचून देताव म्हणून मी कधी इचारलं न्हाई.” एवढंच. माणिकला मी चार शब्द सुनावू शकलो असतो. पण ती शेवटची ओळ त्याने वाचली नव्हती.

रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. तीन महिन्यांनी मेथोट्रेक्सेट थोड्या मात्रेत पुन्हा सुरू झाली. कप ती आता एका हाताने उचलते, सकाळी नाही, दुपारनंतर. त्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. तुमच्या घरी काढा, चूर्ण, गोळी काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. बाकावर कोण बसलंय ते बघू नका.

आता गोळी हातात घेतली की सुमन विचारते, “ही कशाची?” सुरुवातीला ते मनाला लागायचं. आता मी चष्मा शोधतो आणि पट्टीवरचं सगळं मोठ्याने वाचतो, शेवटच्या ओळीपर्यंत. तोवर ती गोळी तोंडात टाकत नाही.