वरातीतला मोर

वेणीमाधवराव मंद्रूपकर हे सोलापुरातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कपाळावर गंध, आणि बोलणे इतके हळू की मास्तर रागावले आहेत की नाहीत हे मागच्या बाकावरची मुले पुढच्या बाकाला विचारून घेत. अशा माणसाच्या अंगणात मोर होता.

मोर म्हणजे मोटार. गिरणीतल्या एका इंजिनिअर साहेबाने विलायतेहून आणलेली ती दोन आसनांची, शर्यतीची गाडी. साहेब मायदेशी गेला आणि गाडी गिरणीच्या मागच्या आवारात कडुनिंबाखाली पडून राहिली. तिच्या आसनावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मास्तरांनी ती मागून घेतली आणि बैलजोडी लावून घरी ओढून आणली. त्या दिवशी सारी गल्ली हसली.

मास्तर मात्र कामाला लागले. त्यांचा जोडीदार होता टांगे आणि बग्ग्या बांधणारा राजेसाब. गाडीची मागची बाजू गंजून गेली होती. राजेसाबने ती कापून तिथे सागवानी फळ्यांची, होडीसारखी निमुळती शेपटी बांधली आणि झाकण उचलले की दोघांना बसता येईल अशी उंच बैठक तिच्यात केली. मडगार्ड आखूड झाले, टप गेला, पुढची काच निम्मी झाली. नाकातली, यंत्र निववणारी पाण्याची टाकी खाली उतरवून मागे कलती बसवली, कारण नाक वर करून चालणारी गाडी मास्तरांना उर्मट वाटे. कलत्या टाकीमागे पंख्याला जागा राहिली नाही. तेव्हा पंखाही काढून टाकला.

"वाऱ्यात पळणाराला पंखा कशाला?" मास्तर म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना चांगलेच भोवणार होते.

रंग त्यांनी स्वतः कालवला, मोरपंखी. आणि नाकापासून शेपटीपर्यंत एक पिवळी रेघ ओढली प्रभाने. प्रभा ही त्यांची आईवेगळी भाची, मामाकडेच वाढलेली. रेघ ओढून झाल्यावर तिने कुंचला पदराला पुसला आणि मास्तरांच्या पत्नी रुक्मिणीकाकूंची बोलणी खाल्ली. पण रेघ अशी उतरली होती की बोलता बोलता काकूसुद्धा तिच्याकडे पाहत राहिल्या.

गाडी जुनी होती, बारा वर्षांची तरी असावी. त्याच सुमारास सावकारांच्या आणि वकिलांच्या दारी नव्या, मोठ्या, काचबंद मोटारी आल्या होत्या. त्या जात तेव्हा लोक वाट देत. मोर जाई तेव्हा लोक काम सोडून पाहत. साखर पेठेत मागांचा खटखटाट क्षणभर थांबे आणि दारादारांतून डोकी बाहेर येत. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून उंबऱ्यावर येई, आणि गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग.

मी त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहत असे. माझे बालपण करमाळ्याकडच्या एका खेड्यात गेले. पुण्यास शिकून नोकरीसाठी इथे आलो, तरी बैलगाडीची चाल माझ्या हाडांतून गेली नव्हती. एका रविवारी सकाळी मास्तर म्हणाले, "चला, मोहोळच्या रस्त्याला जाऊन येऊ." मी सभ्यपणे बसलो. बाळे गाव मागे पडेपर्यंत तो सभ्यपणा टिकला. मग रस्ता सरळ झाला, मास्तरांनी टोपी काढून मांडीखाली दाबली आणि मोराने जमीन सोडली की काय असे मला वाटले. ज्वारीची शेते दोन्ही बाजूंनी पिवळ्या कापडाच्या ताग्यांसारखी उलगडत गेली. वारा तोंडात शिरत होता, डोळ्यांत पाणी येत होते, खालच्या यंत्राची गर्जना छातीत वाजत होती. आणि वर्गात ज्यांचा शब्द ऐकू येत नसे ते मास्तर ओरडत होते, "ऐका! ऐका तिचा आवाज! आहे की नाही?" मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते स्मरत नाही. परतल्यावर आम्ही दोघांनी टोप्या घातल्या आणि एकमेकांना गंभीरपणे नमस्कार केला.

त्या वर्षीच्या वैशाखात प्रभाचे लग्न ठरले. मुलगा एकनाथ, पोस्टात नोकरीला, अबोल आणि चांगला. त्याचे वडील चिंतामणराव कुर्डुवाडीला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन सोलापुरात स्थायिक झाले होते. बोलणी गोडीने पार पडली. शेवटी वरातीचा विषय निघाला आणि प्रभा आतूनच म्हणाली, "मी मोरातून जाणार."

विहीणबाईंनी हातातला विडा खाली ठेवला. "मोटार नको. बग्गी सांगू."

कारण साऱ्यांना ठाऊक होते. त्यांची थोरली मुलगी सरोजिनी हिची वरात भाड्याच्या मोटारीतून निघाली होती. मोटार भर बाजारात बंद पडली आणि वऱ्हाड्यांनी ती ढकलत ढकलत सासरच्या दारापर्यंत नेली. त्या दिवसापासून सरोजिनी सासरी 'ढकलगाडीची सून' झाली. आमटी खारट झाली की ढकलगाडी, पाहुण्यांना पाणी द्यायला उशीर झाला की ढकलगाडी.

"एका लेकीला तो शब्द चिकटला," विहीणबाई म्हणाल्या. "सुनेला चिकटू द्यायचा नाही मला."

"मोर बंद पडणार नाही," मास्तर म्हणाले. इतक्या मोठ्याने बोललेले त्यांना गाडीबाहेर मी प्रथमच ऐकले.

चिंतामणरावांनी मध्यस्थी केली. "असं करू. वरात मोरातून निघेल. मागे रिकामी बग्गी चालेल. गाडी उभी राहिली तर हरकत नाही, सिग्नलला मेलसुद्धा उभी राहते. पण इंजिन मेलं, की त्याच जागी नवरा-नवरी बग्गीत. कबूल?"

"कबूल," आतून प्रभा म्हणाली.

आणि बग्गी ठरली ती राजेसाबचीच. गावात तिच्याइतकी देखणी बग्गी दुसरी नव्हती. त्याने कपाळाला हात लावला. "काय मास्तर! माझ्याच हातानं बांधलेल्या गाडीमागं मलाच गिधाडावानी फिरवता व्हय?"

दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी सराव केला. पुढे राजेसाबची बग्गी वरातीच्या चालीने, मागे मोर. तिसऱ्या गल्लीतच मोराच्या नाकातून वाफ निघाली आणि टाकी खदखदू लागली. पळताना वाऱ्याने निवणारे पाणी मुंगीच्या चालीने कसे निवावे? पंखा नव्हता, आणि बसवायला बोटभर जागाही नव्हती. यंत्र आचके देत बंद पडले. ओट्यावरच्या बायका पदरात हसल्या.

"मास्तर, पाणी उकळलंच हाय तर च्या टाका की!" कोणीतरी ओरडले.

उपाय पुष्कळ झाले. टाकीवर ओली पोती बांधली. बर्फ आणला; तो मास्तरांच्या धोतरावर वितळला. रुक्मिणीकाकू म्हणाल्या, "मी पुढे उलटी बसून विंझणा घालत येऊ का? तेवढंच राहिलंय." प्रत्येक सरावात मोर थोडा लांब गेला, पण व्याह्यांचे घर त्याहून लांबच होते.

मास्तर प्रभाला म्हणाले, "पोरी, बग्गीच सांगू या. माझ्या हौसेपायी जन्माचं नाव नको."

"रेघ मी ओढलीय, मामा," ती म्हणाली. "हौस तुमची एकट्याची नाही."

लग्न सकाळी लागले. दिवस कलल्यावर वरात निघाली. ऊन उतरले होते, पण सोलापुरी वैशाखाची जमीन अजून तव्यासारखी होती. पुढे बँड, मग वऱ्हाडी, मग मोर, मोरामागे झालर लावलेली रिकामी बग्गी. शेपटीतल्या उंच बैठकीवर नवरा-नवरी, पुढे मास्तर, आणि त्यांच्या शेजारच्या आसनावर पाण्याची घागर. रस्त्याच्या दोन्ही कडांना अशी गर्दी की गच्च्यांवरही पाय ठेवायला जागा नव्हती. अट गावभर झाली होती. शर्यतीची गाडी पाहायला लोक जमतात; ही गाडी हळू जाते की नाही हे पाहायला लोक जमले होते.

मी मोराच्या बाजूने चालत होतो. पहिला चौक पार झाला. दुसरा झाला. मास्तरांची नजर टाकीच्या टोपणावर खिळलेली होती. बाळीवेशीपाशी बँडवाल्यांना उत्साह आला, त्यांनी रिंगण केले आणि एक लांबलचक चीज सुरू केली. वरात जागच्या जागी उभी राहिली. टोपणातून वाफेची बारीक रेघ निघाली. मग जाड. मास्तरांनी घागर उचलली. गर्दीच्या एका रेट्याने ती हातातून निसटली आणि फुटली.

"या अल्ला," मागून राजेसाब पुटपुटला, "माझी बग्गी रिकामीच राहू दे. पिराला चादर चढवतो."

यंत्राने पहिला आचका दिला. विहीणबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या शेजारी सरोजिनी उभी होती; ती खाली पाहू लागली.

तेव्हा प्रभा पुढे वाकली. बाशिंग सावरत तिने मास्तरांच्या कानापाशी म्हटले, "मामा, उजवीकडचा रस्ता मोकळा आहे."

"म्हणजे?"

"याला वारा हवाय ना? देऊ या की."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग जावयाकडे. एकनाथने मुंडावळ्या मागे सारल्या. "वडील काही म्हणाले तर..." इतके बोलून तो थांबला आणि एकदम म्हणाला, "मामा, पळवा!"

मास्तरांनी टोपी काढली आणि मांडीखाली दाबली. मला कळले. मी हात पसरून लोकांना मागे सारले. मोर गर्जला, उजवीकडे वळला आणि नवरा-नवरीसकट दिसेनासा झाला.

बँडची चीज मध्येच तुटली. "वरात पळाली!" एक पोरगे किंचाळले. एका वऱ्हाडी काकांनी चिंतामणरावांना गाठले. "ही काय रीत झाली? सून पळवली की यांनी!"

चिंतामणराव दुसरेच ऐकत होते. त्यांनी कानामागे हात धरला होता. किल्ल्याच्या बाजूने आवाज येत होता. तलावाकडे गेला, बारीक झाला, वळला, पुन्हा मोठा होऊ लागला. चेहऱ्यावरून ते कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे असावेत असे दिसत होते.

आणि वरातीच्या मागच्या टोकाकडून मोर आला. किल्ल्याला वळसा घालून, धुळीचा पिसारा उडवीत, मग चाल कमी करीत, तो बग्गीच्या पुढे आपल्या जागी येऊन उभा राहिला. यंत्र चालू होते. टोपणातून वाफेचा धागाही नव्हता. एकनाथचा शेला गळ्याऐवजी कमरेला गुंडाळलेला होता, मुंडावळ्या त्याने दातांत धरल्या होत्या, आणि नवरी हसत होती. वरातीत नवरी इतकी उघड हसलेली त्या रस्त्याने पाहिली नसावी.

"बंद पडली का?" काकांनी विचारले. "पडलीच म्हणायची. वरात सोडून गेली!"

"कोण म्हणतं?" चिंतामणराव गरजले. "मेन लाइनवरून लूप लाइनला गेली, परत मेन लाइनला आली. इंजिन जिवंत आहे. माझी उभी हयात यात गेली, मला शिकवता?" आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या एका बाईच्या खांद्यावरची हिरवी शाल ओढून घेतली. त्या विहीणबाईच होत्या.

तिथून पुढची वरात मला शब्दांत मांडता येणे कठीण आहे. चौक आला, मोर तापू लागला, की चिंतामणराव मधोमध उभे राहून गार्डाच्या निशाणासारखी हिरवी शाल हलवीत. गर्दी आपोआप फाटे. मोर सुटे, आणि बँडवाले पळत्या चालीची धून धरीत. मोर परत येईपर्यंत ती घुमत राही. तो आला की पुन्हा संथ सूर. प्रत्येक फेरीला ओरडा वाढत गेला. "आला रे आला, मोर आला!" तेलुगू आजीबाई ओट्यावर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. माझा कोट घामाने भिजला होता, टोपी कुठे पडली ते ठाऊक नव्हते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मागे राजेसाब रिकाम्या बग्गीच्या पाटीवर उभा राहून चाबूक हवेत फिरवीत होता. "लई झ्याक, मास्तर! रिकामी हाय बघा, अजून रिकामी हाय!"

व्याह्यांच्या दारी मोर स्वतःच्या पायांनी पोचला. मास्तरांनी यंत्र बंद केले नाही. सूनबाई उतरल्याखेरीज ते करणार नव्हते. विहीणबाई भाकरतुकडा घेऊन पुढे आल्या. त्यांनी तो नवरा-नवरीवरून ओवाळला, थबकल्या, आणि मोराच्या कलत्या नाकावरूनही ओवाळला. प्रभा उतरली. माप ओलांडून ती आत गेली तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे होते.

विहीणबाईंचे नव्हते. दाराच्या कडेला सरोजिनी ओवाळणीचे तबक धरून उभी होती आणि मोराच्या पिवळ्या रेघेवरून तिची नजर हळूहळू शेपटीकडे चालली होती.

"मास्तर," विहीणबाई म्हणाल्या, "चालू आहे ना अजून?"

"आहे की."

"मग माझ्या लेकीला किल्ल्याभोवती एक फेरी मारून आणा." त्यांनी सरोजिनीच्या हातातले तबक काढून घेतले. "आणि बाजारातून न्या. भर बाजारातून."

सरोजिनी म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?"

"बघतील," विहीणबाई म्हणाल्या. "बस."

ती शेपटीतल्या बैठकीवर चढून बसली आणि तिने पदर कमरेला घट्ट खोचला. चिंतामणरावांनी शाल उचलली. ती जड झाल्यासारखी त्यांनी क्षणभर धरून ठेवली, मग उंच हलवली. दमलेल्या बँडवाल्यांना कोणी सांगितले नव्हते, तरी त्यांनी पळती धून धरली.

मोर बाजाराच्या दिशेने सुटला. आवाज दूर जाईपर्यंत आम्ही सगळे कान देऊन उभे होतो, आणि तो दूर जाता जाता त्यात एक नवा आवाज मिसळला. सरोजिनी ओरडत होती. काय ओरडत होती ते कळले नाही.