पेडल कुणाच्या मापाचं

मार्च १९६८, रविवार सकाळ. खालापूरच्या शेडमध्ये हजर: वस्ताद, वेल्डर जानू, चालक बाळा आणि सुटे भाग सांभाळणारी मी, वस्तादांची भाची. शिवाय गाडी: एका माणसाची, चाकं उघडी, इंजिन जुन्या फियाटचं.

वस्तादांनी वर्षानुवर्षं शर्यतीची गाडी उभी केली, पण तोवर स्वतः तिच्यात कधी बसले नव्हते. नवी पोरं तयार करायची, शर्यतीत उतरवायची आणि मुंबईच्या मोठ्या संघानं बोलावलं की सोडून द्यायची, हाच आमच्या संघाचा उद्योग. ते म्हणत, "आमी बालवाडी हाय. पोराला बालवाडीत म्हातारं करायचं नसतं."

रसायनीच्या रस्त्यावर चाचणीसाठी गाडी टेंपोतून उतरवली की माणसं जमत. "वस्ताद, मडगार्ड कुणी चोरलं?"

"उकडतंय तिला," एवढं बोलून ते कामाला लागत.

नव्या चालकाला सुरुवातीला स्टिअरिंग मिळतच नसे. चाकं काढायची, चाकं बसवायची. कुणी कुरकुरलं तर ऐकावं लागे, "चाक निखळताना तुला इचारून निखळंल काय रं?"

एक रीत पक्की होती. जाणाऱ्या चालकानं पुढच्याला सीटवर बसवायचं, त्याच्या पायांच्या मापानं पेडल स्वतः सरकवायचं आणि मगच शेडबाहेर पडायचं. पाना दुसऱ्या कुणी धरलेला वस्तादांना चालत नसे.

बाळा भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समधला. उंच, आणि आमच्याकडे आलेल्यांत सर्वांत वेगवान. पुढच्या रविवारी शर्यत होती. एकदा तरी पहिला नंबर आपल्या शेडमध्ये यावा, ही वस्तादांची इच्छा आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. आणि त्या सकाळी बाळाला मोठ्या संघाचं बोलावणं आलं: ही शर्यत आमच्याकडून चालव.

"शर्यत झाल्यावर जातो, वस्ताद," बाळा म्हणाला.

"तवर जागा राखून ठेवतील काय तुझी? पेडल सरकव नि नीघ."

"पुढचा कोण तयार नाय. कुणाच्या मापानं सरकवू?"

वस्तादांनी चपला काढल्या आणि ते गाडीत उतरले. पाय पेडलपासून वीतभर अलीकडेच राहिले. "माज्या."

जानूला हसू आवरेना. "उशी देऊ का पाठीला?"

"तुज्या तोंडात कोंब ती."

बाळानं मान वर न करता पेडल सरकवलं.

शर्यतीत बाळा पहिला आला, वस्ताद शेवटचे. उतरल्यावर त्यांनी आधी चारही चाकं हातानं हलवून पाहिली. मग मला म्हणाले, "पयला आपलाच गं. शेवटचा बी आपलाच."

त्यानंतर शेडमध्ये नवा चालक आला नाही. वस्ताद गेले आणि शेड माझ्याकडे आली. तिथली कामं मी एकेक करून उरकली: टाकी रिकामी केली, टायर काढून ठेवले, पत्र्याला रंग दिला.

परवा बाळाची मुलगी आली. "मावशी, बसून बघू?" मी हो म्हटलं. उंचीनं बापावर गेलेली. गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. पेडल अजून वस्तादांच्याच मापावर होतं.

मी पाना घेऊन वाकले आणि तशीच उठले. पेडल जाणाऱ्यानं सरकवायचं असतं. तेवढं काम राहिलं आहे.